महिन्याचे ८०० आणि वर्षाचे ७९७

मार्च संपत आला की आमच्या छापखान्यात पगारवाढीचं बोलणं निघतं. नारायण पेठेतला छोटा छापखाना, माणसं बारा. यंदा मशीनमनचा पगार २०,००० वरून २२,००० करायचा असं मी ठरवलं होतं. त्याला सांगितलं, तर चेहरा खुलायच्या ऐवजी पडलाच. संध्याकाळी शटर ओढायच्या वेळेला हळूच जवळ आला. "ताई, नका एवढा वाढवू. वीस हजार नऊशे करा हवं तर. त्याच्या वर नको."

पगार कमी द्या म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. पण त्याचं गणित पक्कं होतं, माझंच कच्चं निघालं. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी आहे. मर्यादेच्या वर गेलं की नाव बाहेर. त्याचे वडील ६८ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. इन्सुलिन आणि बाकीच्या गोळ्या दर महिन्याला ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात. दोन हजारांची वाढ खिशात येणार आणि औषधांच्या दुकानात जाणार, वर उद्या कुणाला ऑपरेशन लागलं तर ते वेगळंच.

त्या रात्री मी त्याच्या पगाराची स्लिप समोर घेऊन बसले. दर महिन्याला १५ तारखेच्या आत चलन भरते, पण त्या आकड्यांचा अर्थ कधी नीट लावलाच नव्हता. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो. वीस हजारांवर १५० रुपये. मालक म्हणून मी सव्वातीन टक्के घालते, ते ६५०. दोन्ही मिळून ८००. जुलै २०१९ च्या आधी हाच वाटा एकूण साडेसहा टक्के होता, तो कमी करून चार टक्क्यांवर आणला. शिवाय उपचारांवरच्या खर्चातला एक अष्टमांश भाग, ठरावीक मर्यादेत, राज्य सरकार उचलतं.

या ८०० रुपयांत काय मिळतं? तो स्वतः, बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांना उपचार. साध्या तापाच्या गोळीपासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत. बिबवेवाडीला आणि चिंचवडला मोहननगरात ईएसआयची हॉस्पिटलं आहेत, आणि तिथे जे होत नाही त्यासाठी दुसरीकडे पाठवतात. कामगार आजारी पडून घरी बसला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. रांगा लांब असतात, औषध कधी कधी 'पुढच्या आठवड्यात या' असतं, हे सगळं खरं. पण एवढं सगळं एका छत्राखाली देणारी योजना सामान्य माणसासाठी दुसरी नाही.

आता दुसरा आकडा. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तुम्हाला माहीत असेल. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. त्या आठांत पुणे नव्हतं, आपल्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. २०१७ मध्ये तिला जोतिरावांचं नाव मिळालं. (जोतिरावांचा वाडा माझ्या छापखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, ते ठिकाणही याच शहरातलं. नाव देणाऱ्याला हे आठवलं असेल की नाही कोण जाणे.) २०२० मध्ये या योजनेसाठी राज्य सरकार विमा कंपनीला एका कुटुंबामागे हप्ता देत होतं ७९७ रुपये. वर्षाला.

परत वाचा. माझ्या मशीनमनच्या घरासाठी महिन्याला ८००, आणि रेशनकार्डावरच्या घरासाठी वर्षाला ७९७. दुसऱ्या आकड्याला बाराने भागलं तर महिन्याला साधारण ६६ रुपये. सरकारी आरोग्य विमा कसा चालतो आणि कुठे अडतो, ते बरंचसं या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

आधी विमा म्हणजे काय ते बघू. आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत दर दोन वर्षांनी एक भांडण ठरलेलं असतं. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही लिफ्टचा मेंटेनन्स का भरायचा? चौथ्या मजल्यावरचे म्हणतात, सोसायटी सगळ्यांची आहे. तळमजल्यावरच्यांना सोडून दिलं की पहिल्या मजल्यावरचे तेच म्हणतात, मग दुसऱ्या. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या माणसांवर अख्ख्या लिफ्टचा खर्च पडतो आणि लिफ्ट बंद. आरोग्य विम्यात तळमजला म्हणजे तरणेताठे लोक, चौथा मजला म्हणजे आजारी आणि वयस्कर. फरक एवढाच की विम्यात प्रत्येक जण कधी ना कधी वरच्या मजल्यावर राहायला जाणार असतो. म्हणून ज्या देशांत विमा सगळ्यांपर्यंत पोचला, तिथे वर्गणी ऐच्छिक ठेवलेली नाही. ती पगारातून कापतात, नाहीतर करातून घेतात.

ईएसआय हा पगारातून कापण्याचा प्रकार. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये तो सुरू केला. आपल्याकडे १९४४ मध्ये प्रा. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या विम्याचा आराखडा सरकारला दिला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. फुले योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत हा दुसरा प्रकार, पैसा करातून. लाभार्थ्याला हप्ता भरावा लागत नाही, म्हणून लोक तिला फुकट म्हणतात. फुकट नाही हो. आमच्याकडे झाडलोट करायला येणाऱ्या मावशी प्राप्तिकर भरत नाहीत, पण साबण, चप्पल, मोबाईलचं रिचार्ज, सगळ्यावर जीएसटी भरतात. त्यातला अर्धा राज्याच्या तिजोरीत जातो. प्राप्तिकर भरणाऱ्यांकडून २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षणाच्या नावाने ४ टक्के उपकर घेतला जातो, तो करावरचा कर, उत्पन्नावरचा नाही. हे सगळं एका हौदात पडतं आणि तिथून हप्ता जातो.

आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीहून सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. खर्चातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी ९० आणि १०. सुरुवातीला केंद्राने एका कुटुंबामागे वर्षाला १,०५२ रुपये हा वरचा आकडा धरला होता, त्यातले ६० टक्के म्हणजे ६३१ रुपये केंद्राचे. लाभार्थी ठरवले २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून. महाराष्ट्रातली ८३.६३ लाख कुटुंबं त्या यादीत बसली. बाकीच्यांसाठी राज्याची योजना होती, तिची मर्यादा तेव्हा दीड लाखाची. आता दोन्ही योजना जोडल्या आहेत, मर्यादा सगळ्यांना ५ लाख आहे, आणि पिवळं, केशरीच नाही तर पांढरं रेशनकार्ड असलेलं घरही यात येतं.

म्हणजे कागदावर महाराष्ट्रात कुणी बाहेर राहिलंच नाही. मग माझा मशीनमन ईएसआय सोडायला का घाबरतो? त्याच्याकडेही केशरी कार्ड आहेच.

कारण ६६ रुपयांत इन्सुलिन बसत नाही. फुले योजना आणि आयुष्मान या दोन्ही हॉस्पिटलात भरती होण्यासाठीच्या योजना आहेत. यादीतली ऑपरेशनं आणि उपचार, प्रत्येकाचा ठरलेला दर, त्याला पॅकेज म्हणतात. हॉस्पिटलात योजनेचा मदतनीस बसतो, त्या आरोग्यमित्राकडे कागद द्यायचे, त्याने ऑनलाइन मंजुरी मागायची, मंजुरी आली की उपचार, मग हॉस्पिटलने क्लेम पाठवायचा. अँजिओप्लास्टी होईल. पण ती वेळ येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं घ्यायच्या बीपीच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी करायची रक्ततपासणी, यांतलं काही नाही. पाय कापायची वेळ आली तर योजना हजर, तो वाचवणाऱ्या इन्सुलिनला नाही. माझ्या मते हाच या साऱ्या रचनेतला सर्वांत महागडा घोळ आहे, आणि जाहिरातीच्या फलकावर ५ लाखांचा आकडा जितका मोठा छापतात तितका तो झाकला जातो.

५ लाख ही मर्यादा आहे, तेवढी रक्कम तुमच्या नावाने कुठे ठेवलेली नसते. दर हजार घरांपैकी वर्षात फार थोडी घरं मोठ्या उपचारासाठी भरती होतात, म्हणून कमी हप्त्यात जमतं. पण स्वस्तात जमवायचं तर दरही खाली ठेवावे लागतात, आणि दर खाली असले की हॉस्पिटलं हात आखडता घेतात. आमच्याच एका बाइंडरच्या सासऱ्यांना घेऊन मी एका मोठ्या हॉस्पिटलात गेले होते. आरोग्यमित्राचं टेबल होतं, टेबलावर माहितीपत्रकं होती, खुर्ची रिकामी होती. दीड तासाने कळलं, योजनेतले बेड भरलेत, उद्या फोन करा. जनरल वॉर्डात पैसे भरून बेड होता. कुणी नियम मोडला असं मला सिद्ध करता येणार नाही. पण ज्या बेडचे पैसे लगेच मिळतात आणि ज्याचे पंधरा दिवसांनी, कधी कितीतरी महिन्यांनी मिळतात, त्यातला कुठला आधी रिकामा सापडेल हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

पुण्याला यात आणखी एक पाट येऊन मिळतो, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. इथली कितीतरी मोठी हॉस्पिटलं सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्टची आहेत. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. वार्षिक उत्पन्न १.८० लाखांपर्यंत असेल तर निर्धन, ३.६० लाखांपर्यंत असेल तर दुर्बल. आणि हा खर्च भागवायला सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. म्हणजे तुम्ही ट्रस्टच्या हॉस्पिटलात लाखाचं बिल भरलं, तर त्यातले २,००० कुणा अनोळखी माणसाच्या उपचारासाठी गेले. हाही एक विमाच, फक्त त्याला कुणी विमा म्हणत नाही. शिवाय पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना आहे, तिचे पैसे मिळकतकर आणि महापालिकेच्या बाकी उत्पन्नातून. त्यामुळे पुण्यात एखादा गरीब माणूस आजारी पडला की त्याचे नातेवाईक उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार अशी प्लास्टिकची पिशवी घेऊन चार खिडक्या फिरतात. चार हौद आहेत, पण प्रत्येकाचा नळ वेगळ्या गल्लीत.

आता वाढवायचं कसं. २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के वाटा लोक थेट खिशातून भरत होते, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घसरण मोठी आहे, नाकारायचं कारण नाही. तरी त्या वर्षी केंद्र आणि राज्यं मिळून सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के असं लिहिलं होतं.

सोपा मार्ग म्हणजे यादीत माणसं वाढवणं. तो वापरला जातोच. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. सोसायटीतल्या आजी-आजोबांनी धडाधड काढली. चांगलं झालं. पण चौथ्या मजल्यावरचे एकदम वाढले की हप्ता वाढतो, आणि तो वाढवायला जो पैसा लागतो त्याची चर्चा कार्डवाटपाच्या कार्यक्रमात होत नाही.

अडचण मधल्यांची आहे. निती आयोगाने २०२१ मध्ये एक अहवाल काढला, त्यात देशातली साधारण ३० टक्के माणसं, म्हणजे ४० कोटी, कुठल्याच विम्यात नसल्याचं म्हटलं होतं. गरीब यादीत न बसणारे आणि पक्की नोकरी नसलेले. रिक्षावाले, छोटे दुकानदार, शिकवण्या घेणारे, लग्नाचे फोटो काढणारे. महाराष्ट्राने आपल्या बाजूने दार उघडलं आहे, पण ते भरतीपुरतं. या लोकांनी आपणहून वर्गणी भरावी असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही, लिफ्टचं भांडण मी फार वेळा ऐकलंय. आणि पगारातून कापायचं तर त्यांना पगार नाही.

मग कापायचं कुठून? याचं उत्तर पुण्याने फार पूर्वी शोधलेलं आहे, फक्त आपण ते आरोग्य विमा म्हणून वाचत नाही. मार्केट यार्डात जा. हमालाचा एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी लढून लढून १९६९ चा माथाडी कायदा पदरात पाडून घेतला. त्यात व्यापारी हमालीवर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, माथाडी मंडळात भरतो, आणि मंडळ त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, वैद्यकीय मदत बघतं. माणसाला मालक नसला तरी कामाला असतो. पोतं ज्याचं, लेव्ही त्याची.

दुसरं उदाहरण कचरावेचकांचं. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायका कचऱ्यातून जे उचलतात तेवढं महापालिकेला डेपोपर्यंत वाहून न्यावं लागत नाही, तेवढे पैसे वाचतात, हा हिशेब संघटनेने मांडला. आणि २००२-०३ पासून महापालिका त्यांच्या गट विम्याचा हप्ता भरायला लागली. दया म्हणून नव्हे, देणं म्हणून. बांधकामाचंही तसंच आहे. १९९६ च्या कायद्याने आलेला बांधकामखर्चाचा १ टक्का उपकर कामगार कल्याणासाठी जातो. बाणेर-वाकडच्या प्रत्येक टॉवरमध्ये तो धरलेला आहे. तो नीट खर्च होत नाही म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना झापलं, ती गोष्ट निराळी. पैसा गोळा करता येतो एवढं तरी त्यातून दिसतं. जेवणाच्या ऑर्डरी घरपोच करणाऱ्या पोरांसाठी सामाजिक सुरक्षा संहितेत हेच तत्त्व आलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, निधीत टाकायचे आहेत.

माझं मत विचाराल तर सगळे हौद एका जागी आणावेत. लेव्ही, उपकर, ईएसआयची वर्गणी आणि करातला पैसा, सगळं एका निधीत, एकाच ओळखपत्रावर. थायलंडने २००२ मध्ये बाकीच्या योजनांत नसलेल्या सगळ्यांना करातल्या पैशावर सामावून घेतलं, आणि हॉस्पिटलांना बाह्यरुग्ण सेवेसाठी दर उपचारामागे नाही, तर नोंदलेल्या माणसामागे वर्षाची रक्कम द्यायला सुरुवात केली. मग माणूस धडधाकट राहिला तर हॉस्पिटलाचाच फायदा. तिथे इन्सुलिन देणं परवडतं. आपल्याकडे हे करायचं तर ईएसआयवाले म्हणतील, आमचे ८०० इतरांच्या ६६ मध्ये का मिसळायचे, आणि त्यांचं चुकत नाही. खालचा आकडा आधी वर न्यायला लागेल, मग मिसळा. दरम्यान निदान २१,००० ची ती भिंत तरी उतार करा. १ जानेवारी २०१७ ला ठरलेला आकडा आहे तो, आणि तेव्हापासून दूध, भाडं, पगार सगळं वर गेलं. मर्यादा ओलांडणाऱ्याला पूर्ण वर्गणी स्वतः भरून आत राहायची मुभा दिली तरी माझा मशीनमन महिन्याला ८०० हसत भरेल. त्याने मला तसं सांगितलंय.

तोवर आमच्या अकाउंटंटने एक वाट काढली. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत असतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुकडा सुरू होताना पगार मर्यादेत असेल, तर मध्ये वाढला तरी तो तुकडा संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतो. म्हणून त्याची वाढ १ एप्रिलऐवजी १ मेपासून लावली. एका महिन्याचे दोन हजार त्याने सोडले, ते मी दिवाळीला देईन. त्याने मशीनच्या वर टांगलेल्या कालनिर्णयावर सप्टेंबरची ३० तारीख बॉलपेनने गोल केलीय. पुढच्या जूनचं पान अजून छापून आलेलं नाही, म्हणून 'जून ३०' असं समासातच लिहून ठेवलंय, आणि खाली वडिलांच्या सत्तरीला किती महिने उरले ते.